हळदीआधीची बाटली

अनिता म्हात्रेच्या दोन्ही गालांवर वांग होते. नाकाच्या दोन्ही अंगांनी पसरलेले, वाळलेल्या चहाच्या डागासारखे, कडा पेन्सिलीने आखल्यासारख्या. धरमतरच्या खाडीकाठच्या बायकांमध्ये त्याचं कोणाला नवल नव्हतं. मिठागरावर ऊन वरून लागतं तसं खालूनही लागतं. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढला तरी पांढऱ्या मिठावरून उसळलेली झळ थेट गालांवर येते. अनिताच्या आईच्या, धोंडुबाईच्या गालांवरही तसेच वांग होते. तिनं ते कधी नीट पाहिले नव्हते. घरातला आरसा बाप शिवा याच्या दाढीच्या बेतानं टांगलेला होता आणि धोंडुबाई त्याच्या खांद्याला लागत होती.

अनिताला ते दिसले पेणच्या शाळेत जाऊ लागल्यावर. भूगोलाच्या बाईंनी एकदा नकाशा आणायला एका मुलीला पिटाळलं, तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं की नकाशा कशाला, अनिताला उभी करा. वर्ग हसला. बाईही हसल्या, मग हसू आवरून रागावल्या. दहावीनंतर अनितानं शाळा सोडली ती मार्कांमुळे सोडली असं घरात ठरलं. ती परत मिठागरावर गेली. सकाळी मीठ ओढायचं, दुपारी पाट्या वाहायच्या, आणि वांग अजून गडद करून घरी यायचं.

एक्याण्णव साली पेणला हरेशशेठच्या मेडिकलमध्ये ती बापासाठी खाजेचं औषध आणायला गेली. हरेशशेठ गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून माल काढणारा माणूस. त्यानं शिवाची ट्यूब बांधून दिली आणि अनिताकडे पाहून सांगितलं की हीच रात्री गालाला लावत जा, महिन्याभरात फरक बघ. पेणच्या निम्म्या बायका हीच लावतात, फक्त सांगत नाहीत. ट्यूब खाज-खरजेची होती. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये असं तिच्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. ती बारीक अक्षरं हरेशशेठनं वाचली नव्हती असं नाही.

फरक पडला. आधी कडा पुसट झाल्या, मग मधला रंग उतरला. दोन महिन्यांनी गाल असे निघाले की मिठागरावरच्या बायका तिला हात लावून बघू लागल्या. धोंडुबाईनं लगोलग माहेरी निरोप धाडला. तिचं माहेर रोह्याजवळचं वरसे. तिथं विमलबाई नावाच्या बाईचा मुलगा प्रविण धाटावच्या कंपनीत शिफ्टला होता. पक्की नोकरी, स्लॅबचं घर, आणि लग्नाची एकच बहीण, तीही अजून फ्रॉकमध्ये.

वरशात धोंडुबाईला मान होता. आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्या आधी धवलारीण लागते. हळद दळायची ती तिच्या धवल्यांच्या, म्हणजे लग्नाच्या गाण्यांच्या, सुरावर, आणि नवरीच्या अंगाला पहिला हात लागायचा तो तिचा. धोंडुबाईला आजीकडून आलेले धवले सगळे पाठ होते. धरमतरला दिलेली असली तरी माहेरच्या लग्नांना तिलाच बोलावणं यायचं, मोरू नावाचा तिचा भाऊ तिला एस्टी स्टँडवर घ्यायला यायचा, आणि मिठागरावर पाटी वाहणारी ही बाई वरशाच्या मांडवात सगळ्यांच्या आधी पाटावर बसायची. तिची मुलगी म्हणून विमलबाईनं अनिताला पाहिलं, गोरीपान पाहिली, आणि साखरपुडा केला.

साखरपुड्यानंतर अनिता दोनदा वरशाला गेली. प्रविणशी तिचं फारसं बोलणं झालं नाही. तो शिफ्टवरून येऊन झोपायचा. बोलणं झालं ते त्याच्या बहिणीशी, चंद्रावतीशी. आजीचं जुनाट नाव मिळालेली ती मुलगी घरात चंद्रा होती. अनितानं तिच्या केसांच्या पाचपेडी वेण्या घातल्या. चंद्रानं त्या झोपेत मोडू नयेत म्हणून उशी न घेता रात्र काढली, आणि सकाळी सगळ्या आळीला दाखवत फिरली की माझ्या वहिनीनं घातल्यात.

ट्यूब चालूच होती. पण फेब्रुवारीत मिठागराचा हंगाम ऐन भरात आला आणि गाल तापू लागले. कातडी पातळ झाली, इतकी की खालच्या लाल रेघा दिसायला लागल्या. कानशिलांपासून हनुवटीपर्यंत बारीक लव आली. पेणच्या डॉक्टरनं ट्यूब हातात घेऊन विचारलं की ही कोणी दिली, आणि उत्तराची वाट न बघता ती केराच्या डब्यात टाकली. लावणं थांबवल्यावर आठवडाभरात चेहरा फुलला. लाल झाला, पुळ्या आल्या, आणि पुळ्या बसल्यावर वांग परत आले. पूर्वीपेक्षा मोठे, पूर्वीपेक्षा काळे.

विमलबाई हळदीची तारीख ठरवायला आली ती नेमकी त्या दिवसांत. ओटीवर बसली, पाणी घेतलं, आतून अनिता चहा घेऊन आली तशी तिच्याकडे बघत राहिली. चहा घेतला नाही. धोंडुबाईनं ट्यूबची सगळी हकीकत सांगितली. ती विमलबाईनं ऐकून घेतली.

“दाखवलीत एक नि देताव एक,” ती म्हणाली. “बाजारात गाय घेताना पन असा फसवीत नाय कोन.”

साखरपुड्याची साडी तिनं मागून घेतली. प्रविण त्यानंतर काही बोलला असेल तर ते धरमतरपर्यंत पोचलं नाही.

पुढच्या वर्षी अनिता पेणला हरेशशेठच्याच इमारतीत कामाला लागली. खाली त्याचं मेडिकल होतं, आणि वरच्या मजल्यावर त्याची बायको भाविका हिनं ब्यूटी पार्लर उघडलं होतं. हरेशशेठनंच अनिताला वर पाठवलं. त्याच्या मनाला काही लागलं होतं म्हणून नव्हे. वर झाडायला आणि टॉवेल धुवायला बाई हवी होती, आणि ही मुलगी कमी पैशात येईल हे त्याला तिच्या तोंडावरून कळलं होतं. पेणमध्ये त्यावर विनोद झाला की शेठ खाली चेहरे बिघडवतो आणि शेठाणी वर दुरुस्त करते, एकाच जिन्यावर दोन धंदे.

भाविका मुंबईला कोर्स करून आलेली. तिनं अनिताला पहिल्याच दिवशी पडद्याआड ठेवलं, कारण फेशियल करायला आलेल्या बाईनं समोर असा चेहरा बघितला तर ती उठून जाईल. हे तिनं तोंडावर सांगितलं आणि वर चहा दिला. पण शिकवताना तिनं हात आखडला नाही. मेडिकलमधली वस्तू आणि पार्लरची वस्तू यांत फरक काय, हे अनिता तिच्याकडून शिकली. दुकानातली क्रीम सगळ्या जगासाठी असते, शाळकरी पोरीनं लावली तरी बिघडू नये इतकी पांचट. पार्लरची वस्तू मोठ्या बरणीत येते, तिच्यावर फक्त व्यावसायिक वापरासाठी असं छापलेलं असतं, आणि तिला जोर असतो. तो जोर किती वेळ ठेवायचा, कधी पुसायचा, कोणाला लावायचाच नाही, हे हाताला माहीत असावं लागतं. हाताला माहीत नसेल तर ती बरणी मेडिकलच्या ट्यूबपेक्षा वाईट.

सत्त्याण्णवच्या सुरुवातीला मुंबईच्या ठोक बाजारातून भाविकानं पहिल्यांदा सोलण्याची बाटली आणली. काचेची, काळपट, दारूच्या चपट्या बाटलीएवढी. फळांच्या आम्लाची, असं म्हणायचे. ब्रशनं चेहऱ्यावर लावायची, घड्याळ बघून पाण्यानं उतरवायची, की दोन-तीन दिवसांत वरची साल निघून खालची नवी कातडी येते. विकणाऱ्यानं नियम दिले होते. आधी आणि नंतर आठ दिवस ऊन नको, वाफ नको, धागा किंवा वॅक्स नको. भाविकानं ते अनिताला सांगितले तेव्हा अनितानं त्यात स्वतः एक घातला. हळद नको.

भाविकाला ते पटेना. तिच्या गुजरात्यांत लग्नात पिठी, म्हणजे हळदीचा पातळ लेप, लावतात, बोटानं, शकुनापुरता. अनितानं तिला सांगितलं की आमच्यात तशी नसते. आमच्यात जात्यावर भरड दळलेली हळद तेलात कालवतात आणि गावातल्या सगळ्या बायका, सगळ्या पोरी, नवरीला घासतात. तोंड धरून घासतात. जितकी घासाल तितका रंग चढतो, आणि नवरीनं हूं की चूं करायचं नसतं. सोललेल्या तोंडावर ती घासली तर काय होईल हे मुंबईच्या माणसाला कसं सुचणार. भाविका विचारात पडली आणि मग प्रत्येक लग्नाच्या गिऱ्हाइकाला आधी हाच प्रश्न विचारू लागली. पेणमध्ये तो नियम अनिताचा म्हणूनच ओळखला जायचा.

अनिता स्वतः ती बाटली कधी लावून घेत नसे. तिची कातडी ट्यूबनं एवढी पातळ केली होती की तिच्यावर आता जोराची वस्तू चालत नव्हती. ती चेहऱ्याला मेडिकलमधलं साधं खोबरेल आणि गुलाबपाणी लावायची, आणि वर पार्लरचा जाड थर. त्या थराखाली वांग दिसत नसत. जवळून दिसत.

त्याच वर्षाच्या शेवटी तिनं एक छोटा कोर्स करून रोह्याला स्वतःचं पार्लर टाकलं. बाजारात, भांड्यांच्या दुकानाशेजारी, एका खोलीत, मधे पडदा. महिन्या-दोन महिन्यांत बायका येऊ लागल्या, कारण ती खोटं बोलत नसे. इशरत नावाची एक बाई, नवरा आखातात, एकदा नवऱ्यानं धाडलेली गोरं करणारी डबी घेऊन आली. नवरा दोन वर्षांनंतर आता सुट्टीवर येणार होता आणि तिला फेशियलबरोबर हीही चेहऱ्यावर चोळून हवी होती. अनितानं डबी उघडून वास घेतला, झाकण लावलं आणि सांगितलं की ही बाथरूमच्या फरशीला लावा. इशरतनं विचारलं, परदेशी आहे म्हणून नको म्हणतेस का. अनिता म्हणाली, माझं तोंड स्वदेशी ट्यूबनं गेलंय, तुमचं परदेशीनं जाईल, एवढाच फरक. इशरत हसली, आणि त्यानंतर तिनं आपल्या सगळ्या नणंदा-जावा तिथं आणल्या.

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात, एका सकाळी, विमलबाई पडदा सारून आत आली.

मागोमाग चंद्रा होती. उंच झालेली, सावळी, अंगावर कॉलेजचा पंजाबी ड्रेस. बाहेर स्कूटर लावून प्रविण उभा होता. त्याचं लग्न केव्हाच झालं होतं, पोट सुटलं होतं. तो भांड्यांच्या दुकानातल्या कुकरकडे बघत राहिला आणि आत मान वळवली नाही.

विमलबाईनं अनिताला ओळखलं होतं. ओळखूनच आली होती. तिनं खुर्चीवर बसून आधी खोली बघून घेतली, बरण्या, आरसा, भिंतीवरचा कोर्सचा दाखला. मग अनिताचा चेहरा. थर किती जाड आहे ते तिनं नीट पाहिलं.

“चांगला सजवलंस गो,” ती म्हणाली. “दुकानाला म्हनते मी.”

चंद्रानं मान खाली घातली.

लग्न चंद्राचं होतं. मुलगा पेणचा, घरचं दुकान, माणसं शिकलेली. मुलाच्या आत्यानं चंद्राला बघताना रंगावरून काहीतरी म्हटलं होतं, ते विमलबाईच्या मनात बसलं होतं. मांडवात मुलगी उजळ दिसली पाहिजे. लग्नाच्या सकाळचा मेकअपही अनितानंच करायचा, वरशाला घरी येऊन. रोह्यात दुसऱ्या दोन बायका करायच्या, पण त्यांचं नाव झालं नव्हतं.

अनितानं चंद्राची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे फिरवला. कातडी निरोगी होती, एक डाग नव्हता. सावळी होती एवढंच. तिनं विमलबाईला खरं तेच सांगितलं. हिला काही करायची गरज नाही. मेडिकलमधून कॅलामाइन आणि गुलाबपाणी घ्या, आज-उद्या दोनदा लावा, थंडावा राहील. रंग मी मेकअपमध्ये काढते.

“मेडिकलमधला नको आमाला,” विमलबाई म्हणाली. “मेडिकलमधल्याचा काय व्हतं ते तुज्या तोंडावर बगितलंय आमी. फुकटात बगितलंय. मुंबईवाला काय असल ते काढ. पेणच्या त्या गुजरातणीकडं लावतात, साल जाते नि खाली गोरी निंगते, ते.”

“पील,” चंद्रा हळूच म्हणाली.

“तेच. हाय का नाय तुजेकडं? का नुसत्या बरन्या मांडल्यात?”

बाटली होती. आरशामागच्या फळीवर, टॉवेलात गुंडाळून ठेवलेली. अनितानं तिच्याकडे पाहिलं नाही. कोर्समध्ये आणि पेणला बोलायची तशा शुद्ध बोलीत तिनं विचारलं, “हळद कधी आहे?”

“उद्या सांच्याला. का गो, यायचं हाय नाचाला?” विमलबाईला स्वतःच्या बोलण्याचं हसू आलं. “ये. तुजी आयस तर येतेच हाय धवल्यांना. तिला कोन नको म्हनलंय? गला चांगला हाय तिचा. दोष तो पोरीचा.”

यापुढचं एक वाक्य अनिताला पाठ होतं. पेणला तिनंच शिकवलेलं, कितीतरी बायकांना सांगितलेलं. हळद उद्या असेल तर हे लावता येत नाही. विमलबाई चिडली असती, कदाचित दुसरीकडे गेली असती, आणि रोह्यात दुसरीकडे ही बाटली नव्हती. वाक्य लहान होतं. ते न बोलता अनितानं फळीवरून टॉवेल काढला.

विमलबाई प्रविणबरोबर सोनाराकडे गेली. चंद्रा खुर्चीत मागे रेलून डोळे मिटून पडली. अनितानं तिचे केस पट्टीनं बांधले, चेहरा पुसला आणि ब्रश बुडवला. कपाळ, गाल, हनुवटी, पद्धतशीर, कोपरे न सोडता. तिच्या हाताला घाई नव्हती. चंद्रा डोळे मिटूनच म्हणाली की तुम्ही घातलेल्या वेण्या मला अजून आठवतात, तुमची सोयरीक मोडली तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते. मग थोड्या वेळानं म्हणाली, “ताई, आग होते.”

“होते थोडी. पार्लरचं आहे ना.”

घड्याळावर ठरलेली वेळ झाली. अनितानं आणखी थोडा वेळ जाऊ दिला, फार नाही. मग पाण्यानं उतरवलं. चेहरा गुलाबी झाला होता, सफाईदार, ताणलेला. परत आलेल्या विमलबाईनं तो बघितला आणि पहिल्यांदा तिच्या तोंडातून टोमणा निघाला नाही. ती म्हणाली की आता कसं पैसे वसूल झाल्यागत वाटतं. जाताना चंद्रानं विचारलं की काही पाळायचं आहे का. अनिता म्हणाली, उन्हात जाऊ नकोस.

हळदीला अनिता गेली नाही. तिथं काय झालं ते तिला नंतर कळलं, आणि चौघींनी चार प्रकारे सांगितलं तरी एकच होतं. धोंडुबाईनं जात्यावर बसून धवले म्हटले, हळद दळली, तेलात कालवली आणि पाटावर बसलेल्या चंद्राच्या दोन्ही गालांना पहिला हात लावला. चंद्रा ताठ झाली. डोळ्यांतून पाणी आलं. बायका म्हणाल्या, रडू दे, माहेर सुटतंय. मग वहिन्या आल्या, मामी आल्या, आळीतल्या पोरी ओंजळी भरभरून आल्या. चंद्रानं एकदा हात वर केला तो दोघींनी हसत धरून खाली ठेवला. धोंडुबाई गात राहिली. धवले अर्ध्यात सोडायचे नसतात.

सकाळी प्रविणच स्कूटरवरून अनिताला न्यायला आला. सगळ्या वाटेत तो एवढंच बोलला की लवकर चला.

चंद्रा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली होती. गालांची साल पट्ट्यापट्ट्यांनी निघाली होती आणि खालच्या ओल्या मांसात हळदीचा भरडा रुतून बसला होता. पापण्या सुजलेल्या. विमलबाई दाराला कडी घालून उभी होती. तिला एवढंच कळत होतं की बाहेर मंडप भरतोय.

“तुज्या आयशीनं काय घातलं हलदीत?” तिनं विचारलं. आवाज चढवला नाही, बाहेर माणसं होती. “खरा सांग. हलदीपर्यंत पोर चांगली व्हती. मनात ठेवलंन तिनं. मीठवाल्यांची जात. खार घातला. खाडीचा खार घातला माज्या पोरीच्या हलदीत.”

अनिता पेटी उघडत होती. तिचे हात थांबले नाहीत. उत्तर तिच्याजवळ होतं, त्या खोलीत एकटीजवळच होतं. ती म्हणाली, “आधी बर्फ आणा.”

तिनं बर्फ लावला, कॅलामाइन लावलं, मग थरावर थर चढवले. आपल्या चेहऱ्यावर इतकी वर्षं गिरवलेलं काम होतं, ते कोणाला जमलं नसतं तसं तिला जमलं. दुपारच्या मुहूर्ताला चंद्रा उभी राहिली तेव्हा मुलाच्या आत्यानं पुढे होऊन म्हटलं की फोटोपेक्षा उजळ आहे. व्हिडिओवाल्यानं दिवा तिच्या तोंडाजवळ धरला. मे महिन्याचं ऊन, दिव्याची धग आणि ओल्या कातडीवर जाड थर, असा तो चेहरा पेणला पोचेपर्यंत तसाच राहिला.

सत्यनारायणाच्या पूजेपर्यंत सगळं बाहेर आलं. जखमा पिकल्या होत्या. सासरच्यांनी डॉक्टरला दाखवलं, आठ दिवस वाट पाहिली आणि बरी होईपर्यंत म्हणून तिला वरशाला आणून सोडलं. माणसं शिकलेली होती, वाकडं काही बोलली नाहीत. जखमा पावसाळ्यात भरल्या. त्यांच्या जागी गालांवर, कपाळावर, हनुवटीवर काळे पट्टे उठले आणि तिथंच राहिले. रीतसर काडीमोड झाला नाही आणि न्यायलाही कोणी आलं नाही. चंद्रा अंगणात आली तर ओढणी कपाळावरून पुढे ओढून येते, असं लोक सांगत.

पण वरशाला बोलायला दुसरा विषय होता. धोंडुबाईनं हळदीत खार घातला. आधी विमलबाईचं घर म्हणालं, मग आळी, मग गाव. कोणाला आठवू लागलं की दळताना तिचे ओठ धवल्यांशिवायही हलत होते. कोणी म्हणालं, कनवटीला पुडी होती. मिठागरावर जन्म काढलेली बाई, पोरीची सोयरीक मोडलेली, आणि पहिला हात तिचा. जुळत होतं सगळं. धोंडुबाईनं भावाच्या ओटीवर गळ्यातल्या काळ्या पोतीवर हात ठेवून शपथ घेतली. मोरू ऐकून घेत राहिला आणि शेवटी म्हणाला की मला इथंच राहायचंय. त्या दिवाळीला भाऊबिजेचा निरोप आला नाही. वरशातून धवल्यांचं बोलावणं थांबलं, मग बातमी गडबपर्यंत आणि तिथून खाडीकाठच्या गावांपर्यंत पोचली, आणि कुठूनच बोलावणं येईना. जिच्या हातानं तोंड जळतं तिला पाटावर कोण बसवणार.

अनिताच्या पार्लरमध्ये हे सगळं तिच्यासमोरच बोललं जायचं. बायका आधी चाचरत, मग विसरून जात की ही तिचीच मुलगी. वर तिचं कौतुक करत, की आईनं केलेलं पोरीनं कसं झाकलं, मांडवात कोणाला कळलं नाही. त्या एका मेकअपवर तिला अष्टमी गावापासून नागोठण्यापर्यंतची लग्नं मिळाली. तिनं एकदाही कोणाला थांबवलं नाही. थांबवायला जे वाक्य लागलं असतं ते बोलल्यावर पार्लर राहिलं नसतं, आणि ते विमलबाईपुढे बोलावं लागलं असतं. यातलं कुठलं कारण मोठं होतं ते तिनं मोजलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात मिठागर बंद असताना धोंडुबाई रोह्याला लेकीकडे राहायला आली. गावात करमत नव्हतं. पडद्यामागे स्टुलावर बसून ती टॉवेलांच्या घड्या करायची. घड्या करता करता धवले गुणगुणायची, शब्दांशिवाय, नुसता सूर. गिऱ्हाईक असलं की अनिता पडद्यावर टिचकी मारायची आणि सूर बंद व्हायचा.

दिवाळीनंतर लग्नांचे दिवस लागले. एका सकाळी एक बाई मुलीला घेऊन आली. आगऱ्यांचीच होती. मुलगी सावळी, कातडी स्वच्छ. आईला मुंबईची बाटली हवी होती. अनितानं नेहमीप्रमाणे विचारलं, “हळद कधी आहे?”

बाई म्हणाली, परवा.

“मग हे लावता येणार नाही. यानं वरची साल निघते. त्यावर आपली हळद घासली तर तोंड जळून जातं, डाग राहतात ते कायमचे. मेडिकलमधून कॅलामाइन घेऊन जा, तेवढं पुरे आहे.”

बाई जरा हिरमुसली, मग म्हणाली की बरं झालं सांगितलंस बाय, दुसरीनं सांगितलं नसतं. दोघी गेल्या. अनिता ब्रश धुवायला पडद्यामागे आली. धोंडुबाईच्या मांडीवर अर्धी घडी घातलेला टॉवेल तसाच होता.

“चंद्राला हाच लावलंतास?” तिनं विचारलं.

अनितानं नळ सोडला.

“तिला इचारलं नव्हतंस, हलद कवा ते?”

ब्रशचे केस बोटांनी दाबून अनितानं पाणी काढलं. नळ बंद केला. पार्लरची भाषा तिच्या तोंडात आली नाही, घरचीच आली.

“इचारलं व्हतं.”

धोंडुबाईनं आपले दोन्ही हात उलटे करून पाहिले. मिठानं वर्षानुवर्षं चिरलेले, नखांच्या कडा पांढऱ्या पडलेले.

“मग मना सांगायचं,” ती म्हणाली. “मी हात लावला नसता.”

बाहेर पायरीशी चपलांचा आवाज झाला. अनितानं ब्रश झटकला, पडदा सारला आणि पुढच्या बाईला आत बोलावलं.